दोन चाफे

अंबरनाथचें शिवालय पाहून कल्याणास परतत असतां आमचे एक स्नेही म्हणाले, "देऊळ साडेनऊशें वर्षांपूर्वींचें, तेव्हां अशा देवळांच्या आवारांत दिसणारा देवचाफाही तितकाच पुरातन असला पाहिजे." हा समज चांगल्या वाचकांतही आढळतो, म्हणून त्याचा विचार करणें अवश्य वाटतें.

अंबरनाथचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा. संस्कृत कवींचा चंपक तो सोनचाफा. तो त्या काळींही होता. देवचाफा, ज्यास खुरचाफाही म्हणतात, तो मात्र मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीपूर्वीं तो या भूमीवर असणें शक्य नाहीं. पुढें पोर्तुगीजांचा अंमल या किनाऱ्यावर बसला. मराठ्यांनीं ठाणें 1737 सालीं व वसई 1739 सालीं घेईपर्यंत तो टिकला. अननस, पपई, काजू ज्या सागरी वाटेनें आले, त्याच वाटेनें हाही आला असावा.

दोघांत नातें मुळींच नाहीं. खुरचाफ्याची फांदी मोडतांच पांढरा चीक वाहतो, कारण तो कण्हेरीच्या कुळांतला. त्याच्या पांच पाकळ्या बुडाशीं जुळून नळी होते. नळींत मध नसतो, केवळ सुगंधावर रात्रींचे पतंग फसतात! सोनचाफ्यास चीक नाहीं, पाकळ्या पुष्कळ व सुट्या, आणि मधल्या दांड्याभोंवतीं पुंकेसरांची दाटी. लिनियसनें 1753 सालीं दोघांचीं शास्त्रीय नांवें ठरविलीं तीं दोन निराळ्या वनस्पतिशास्त्रज्ञांवरून: सोनचाफ्याचें फ्लॉरेन्सच्या मिकेलीवरून, खुरचाफ्याचें प्ल्यूमिए या फ्रेंच साधूवरून. सोनचाफा आतां मॅग्नोलिया वंशांत गणला जातो.

लोकांनीं नांव दिलें तें नाकावरून. त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. शिवाय खुरचाफ्याची तोडलेली फांदी रोवली तरी जगते, मग तो देवळोदेवळीं पसरला यांत नवल काय? अडचण होते ती जुनें काव्य वाचतांना. चंपकवर्णी नायिका म्हटली कीं आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें पांढरें फूल येतें आणि कवीनें पाहिलेली सोनेरी कांति पार हरपते.

आमच्या स्नेह्यांस हें पटलें. परंतु लगेच त्यांनीं हिरव्या चाफ्याची गोष्ट काढली. तो तर सीताफळाच्या कुळांतला, आणि भुईचाफा हळदीच्या!