पिशवी रोजची होते कशी?

गेल्या खेपेला एका श्रोत्याने आम्हाला विचारलं होतं, की तत्त्वज्ञानाची माणसं सदैव आत्मा, काळ, सत्य असल्याच गोष्टी का बोलतात? हातातल्या वस्तूवर का बोलत नाहीत? प्रश्न रास्त होता. म्हणून आज टेबलावर ही पिशवी ठेवली आहे. लिननची, गव्हाळ रंगाची, दीड वीत उंच, दोन बंद. नातीने वाढदिवसाला दिली. सोबत छापील चिठ्ठी होती : 'रोजच्या वापरासाठी'. ती वाचून आम्ही पिशवी घडी घालून कपाटात ठेवली. आठ महिने! का? तर चांगली आहे, खराब होईल. रोजच्या वापराची वस्तू वापरायची भीती वाटावी, ही काय भानगड आहे, ते आज इतिहासात जाऊन पाहू.

आधी नाव. असल्या पिशवीला 'टोट' म्हणतात. टोट म्हणजे वाहून नेणं. अमेरिकेतल्या इंग्रजीत हे क्रियापद सतराव्या शतकापासून आहे. १९४४ साली तिथल्या मेन राज्यातल्या एल. एल. बीन कंपनीने जाड कॅनव्हासची एक पिशवी विकायला काढली. कशासाठी? गाडीतून घरातल्या बर्फपेटीपर्यंत बर्फ नेण्यासाठी. साठच्या दशकात तीच पिशवी नव्या नावाने आली आणि पुढे फॅशनमध्ये शिरली. २००७ साली लंडनच्या अन्या हिंडमार्च या डिझायनरबाईंनी 'मी प्लॅस्टिकची पिशवी नाही' अशा अर्थाचं वाक्य छापलेली कापडी पिशवी काढली. किंमत ५ पौंड. लोकांनी पहाटेपासून रांगा लावल्या, आणि विकत घेतलेल्या पिशव्या कितीतरी पट दराने पुन्हा विकल्या. बर्फ वाहणारी पिशवी आता मालकाची ओळख वाहू लागली होती.

आता कापडाकडे येऊ. लिनन म्हटलं की आपल्याला परकं वाटतं. पण ते ज्या रोपाचं होतं, ते आपल्या ताटात आहे. जवस! विदर्भात रब्बीला घेतात, आपण चटणी करतो. संस्कृतात जवसाला क्षुमा म्हणतात आणि त्याच्या वस्त्राला क्षौम. कालिदासाची शकुंतला सासरी निघते तेव्हा तपोवनातला एक वृक्ष तिला क्षौम वस्त्र देतो, ते आठवा. पुढे आपल्याकडे जवस तेलबी म्हणूनच उरला. तेलाचा जवस बुटका, फांद्या फार. धाग्याला उंच, सरळ वाण लागतो आणि थंड, दमट हवा लागते. ती फ्रान्सच्या नॉर्मंडीपासून बेल्जियमपर्यंतच्या किनारपट्टीत आहे. आपल्या गिरण्या लिननचं सूत काततात, पण त्यासाठीचा तंतू मुख्यतः तिकडून येतो.

तो तंतू सहज हाती येत नाही. रोप कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे तंतू आखूड होत नाही. मग ते शेतात दवात किंवा पाण्यात कुजवायचं, वाळवायचं, काडी मोडायची, झोडायची आणि शेवटी लोखंडी दातांच्या फणीने विंचरायचं. कापूस बोंडातून वेचता येतो. इथे तंतू काडीतून सोडवावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात हे काम यंत्रांवर गेलं. १८२५ साली जेम्स के यांनी ओल्या कताईची रीत काढली. तंतू गरम पाण्यातून नेला की बारीक सूत निघतं. या रीतीवर बेलफास्ट शहर लिननची राजधानी झालं. कताईच्या खोलीत वाफ, जमिनीवर पाणी. मुली तिथे अनवाणी उभ्या राहून काम करत. विंचरण्याच्या खोलीत धूळ, ती फुप्फुसांत जाई. अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ गिरणी, अशी लहान मुलंही होती. आणि कापड बाहेर पडे ते पांढरंशुभ्र. त्यावर यातलं काही दिसत नसे.

'दिसत नसे' या शब्दांपाशी जरा थांबू. १८६७ साली मार्क्सने 'भांडवल'चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक समीकरण येतं : २० वार लिनन बरोबर १ कोट. वर्गात आम्ही ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. मार्क्सचं म्हणणं असं, की लिननला आपलं मूल्य स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही, ते दुसऱ्या वस्तूच्या रूपाने सांगावं लागतं. आणि या तुलनेत वस्तूमागचे हात दिसेनासे होतात. गंमत म्हणजे १८५२ साली लंडनमध्ये खुद्द मार्क्सचे कोट गहाण पडले होते. बाहेर पडता येत नाही, असं त्याने एंगल्सला कळवलं होतं. गहाणवटीच्या दुकानात कोटाला किंमत होती, पण थंडीत अंगात घालायला कोट नव्हता. आमची कपाटातली पिशवी याहून वेगळी काय होती? आम्ही ती आमच्याच घरात गहाण टाकली होती, एवढंच.

याच्या उलट टोकाचं एक उदाहरण घ्या. लंडनच्या पेट्री संग्रहालयात इजिप्तमधल्या तारखान इथला एक लिननचा अंगरखा आहे. विणलेला, शिवलेला, जगात आजवर सापडलेल्यांत सर्वांत जुना. वय पाच हजार वर्षांहून जास्त. १९१३ साली फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननात मिळालेल्या चिंध्यांच्या गाठोड्यात तो होता, पण ओळखला गेला १९७७ साली. त्याच्या कोपरांशी आणि काखांशी चुण्या आहेत. म्हणजे तो कुणीतरी खरोखर अंगात घातला होता. घालणाऱ्याचं नाव नाही, शिवणाऱ्याचं नाही. उरली आहे ती वापराची खूण. संग्रहालयात जाऊन आपण पाहतो तीही तीच.

आमच्या आईने वडिलांच्या जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवली होती. बंद दुहेरी, तळाला ठिगळ. त्या पिशवीत ज्वारी आली, पुस्तकं आली, एकदा मांजराचं पिल्लूही आलं. शिवाय लग्नाच्या बस्त्याला कापडदुकानातून मिळालेल्या, दुकानाचं नाव छापलेल्या थैल्या घरोघर होत्या. लग्न जुनं होई, थैली चालूच. त्यांना डिझायनर कुणी म्हटलं नाही. घर बदलताना आईची ती पिशवी आम्हीच रद्दीबरोबर दिली. जुनाट दिसत होती. आज वाटतं, आमच्या घरातली तारखानची वस्तू तीच होती.

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा गटारांत तुंबलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चर्चा झाली. २०१८ साली राज्यात बंदी आली. घरात कापडी पिशव्यांचा ढीग झाला. पण ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब मांडला होता, की सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरली, तर हवामानाच्या दृष्टीने ती एकदाच वापरलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. हा हिशोब सुताचा आहे, लिननचा नव्हे. मुद्दा मात्र तोच. कापडी पिशवी नुसती घेतल्याने पुण्य लागत नाही. ते वापराच्या हप्त्यांनी फेडावं लागतं.

आणि लिननचा स्वभावच असा, की ते वापराने मऊ होतं, ओलं झालं तर अधिक बळकट होतं. पण एकाच रेषेवर पुन्हापुन्हा घडी घातली तर त्या घडीवर विरतं. जपून ठेवणं त्याला मानवत नाही.

तेव्हा 'रोजच्या वापरासाठी' ही चिठ्ठी वस्तूचं वर्णन नाही, आपल्यावरचं काम आहे. कुठलीही पिशवी रोजची म्हणून जन्मत नाही. आपण तिला रोजची करतो, तेव्हा त्या उपटलेल्या, झोडलेल्या, विंचरलेल्या तंतूमागच्या हातांना थोडा तरी न्याय मिळतो.

पुढे बसलेल्यांना दिसत असेल, हिच्या तळाला हिरवा डाग आहे. काल मेथी आणली. नात रागावेल असं वाटलं होतं. तिने डाग पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, आता ही तुमची झाली."

इथे थांबतो.