एक पत्ता, दोन कन्सोल

बेळगावच्या उत्तरेला कंग्राळी नावाची दोन गावं आहेत, कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द. बोलण्यात आणि पाट्यांवर त्यांची 'कंग्राळी बीके' आणि 'कंग्राळी केएच' झाली आहेत. नुसतं 'कंग्राळी' म्हणून भागत नाही, शेपटाची दोन अक्षरं जोडावीच लागतात. अशी जोडगावं देशभर आहेत. त्यात पत्ते नाना भाषांत आणि नाना लिप्यांत लिहिलेले. टपालखात्याचा हा घोळ निस्तरायला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिनकोडाची योजना आखली. वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड लागू झाला. निपाणीला ५९१२३७ मिळाला, कागलला ४१६२१६. महामार्गाने कोल्हापूरकडे निघालं की सीमेवर पहिला आकडा पाचाचा चार होतो.

टपालखात्याची अडचण सारख्या नावांची होती. वीसएक वर्षांनी इंटरनेटपुढे उलटी अडचण आली: आकडे होते, पण ते पुरणार नव्हते. तेव्हा काढलेला तोडगा आज घरोघरच्या राउटरमध्ये बसला आहे, आणि घरात दुसरा गेमिंग कन्सोल येईपर्यंत त्याची कुणाला जाणीवही होत नाही. थोरल्याचा गेम सुरळीत चाललेला असतो. धाकटा आपला कन्सोल जोडतो, तर पडद्यावर 'एनएटी टाइप: स्ट्रिक्ट'. मित्राच्या लॉबीत शिरता येत नाही, पार्टी चॅटमध्ये आवाज पोचत नाही. "नेट हाय की, यूट्यूब चालतंय की, मग गेमच का घेईना?" हा प्रश्न फायबरवाल्याला विचारला की बहुधा जास्त वेगाचा प्लॅन घ्यायचा सल्ला मिळतो. प्लॅन वाढतो आणि 'स्ट्रिक्ट' तसंच राहतं, कारण या दुखण्याचं मूळ वेगात नाही, पत्त्यांच्या टंचाईत आहे.

इंटरनेटच्या पत्त्याची आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली रचना, म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती, सप्टेंबर १९८१मध्ये कागदावर पक्की झाली. पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जाळं तेव्हा विद्यापीठं, लष्कर आणि मोजक्या प्रयोगशाळांपुरतं होतं. त्यामुळे वाटप सढळ हाताने झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाकडे १८ने सुरू होणारे सगळे पत्ते होते, म्हणजे १,६७,७७,२१६. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जाळं व्यापाराला खुलं होऊ लागलं आणि हा हिशेब टिकणार नाही हे जाणकारांच्या ध्यानात आलं. लांब पत्त्यांची नवी रचना करायची तर वर्षं जाणार होती. मधल्या काळासाठी काहीतरी हवं होतं.

जानेवारी १९९३मध्ये अमेरिकेतल्या बेलकोअर या दूरसंचार संशोधन कंपनीचे पॉल त्सुचिया आणि टोनी एंग यांनी एक कल्पना छापली: संस्थेच्या आत कुठलेही पत्ते वापरा, वेशीवरच्या यंत्राने ते बाहेरच्या मोजक्या पत्त्यांत बदलावेत, म्हणजे आतले पत्ते जगात कितीही ठिकाणी पुन्हा वापरता येतील. त्सुचिया पुढे पॉल फ्रान्सिस या नावाने लिहू लागले. मे १९९४मध्ये शेल्ड एगेवांग यांच्यासोबत त्यांनी या कल्पनेचा आरएफसी १६३१ हा दस्तऐवज काढला. 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेटर', म्हणजेच एनएटी, तो हाच. लेखकांनी त्याला अल्पमुदतीचा उपाय म्हटलं होतं आणि त्याने काही प्रणाली मोडतील हेही बजावलं होतं. फेब्रुवारी १९९६मध्ये आतल्या वापरासाठी राखीव पत्त्यांची यादी पक्की झाली. राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर दिसणारं १९२.१६८ त्या यादीतलं.

सुरुवातीला हे यंत्र पत्त्याला पत्ता बदलत असे. पुढच्या पायरीवर पोर्ट क्रमांकही बदलू लागलं, आणि एका बाहेरच्या पत्त्यामागे अख्खं घर मावलं. १९९९ आणि २००१च्या दस्तऐवजांत पिडा श्रीसुरेश यांनी सहलेखकांसह या रीतीची व्याख्या नीट मांडली. घरातला फोन बाहेर काही मागतो, तेव्हा राउटर त्याचा १९२.१६८चा पत्ता खोडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि मागे एक पोर्ट क्रमांक जोडतो. बीके आणि केएच जे काम करतात, तेच इथे हा क्रमांक करतो. कुठला क्रमांक कुणाला दिला याची नोंद राउटर ठेवतो, आणि उत्तर आलं की ती पाहून योग्य यंत्राकडे धाडतो.

अडचण या नोंदीतच आहे. ती आतून बाहेर काही गेलं तरच तयार होते. बाहेरून कुणी आपणहून दार ठोठावलं, तर नोंद नसल्यामुळे राउटर आलेलं माहितीचं पाकीट टाकून देतो. घर मागणी करणार आणि दूरचा सर्व्हर ती पुरवणार, एवढंच या तोडग्याने गृहीत धरलं होतं. वेबपानं, ईमेल आणि पुढे व्हिडिओ या चौकटीत बसले, म्हणून त्यांच्यापुरती सामान्य घरांतून फारशी तक्रार आली नाही.

कन्सोल या चौकटीत बसले नाहीत. १५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केलं. जोड्या जुळवायला मध्यवर्ती सर्व्हर होते, पण प्रत्यक्ष सामना अनेकदा खेळाडूंपैकीच एकाच्या कन्सोलवर चाले. नोव्हेंबर २००४मध्ये आलेल्या 'हेलो २' या गेमने ही पद्धत लाखो घरांत नेली. ज्याचा कन्सोल यजमान, त्याच्या घराकडे बाकीच्या खेळाडूंची पाकिटं मागणीशिवाय येणार, आणि एनएटी नेमकी तीच अडवणार. त्यामुळे कन्सोलने पहिल्यांदाच सामान्य घराला सांगायला सुरुवात केली की तुमचा राउटर बाहेरच्यांशी कसा वागतो. मार्च २००३च्या 'स्टन' या दस्तऐवजात अभियंत्यांनी एनएटीचे चार प्रकार पाडले होते. एक्सबॉक्सने घरगुती वापरासाठी 'ओपन', 'मॉडरेट', 'स्ट्रिक्ट' अशा तीन पायऱ्या केल्या. प्लेस्टेशनने टाइप १, २, ३ असे आकडे दिले, निन्टेन्डोने अक्षरं. पोरं शिवीसारखा वापरतात तो 'स्ट्रिक्ट' शब्द असा घरात आला.

एकाच कन्सोलचं निभावता येई. राउटरच्या पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाची जागा असते. ३०७४ क्रमांकावर जे येईल ते अमुक कन्सोलला दे, असं तिथे लिहिलं की झालं, कारण एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा ३०७४ वापरते. दुसरा एक्सबॉक्स आला की तोही ३०७४च मागतो, आणि एका पत्त्यावरचा एक क्रमांक एकाच यंत्राला देता येतो. थोरल्याचं 'ओपन' आणि धाकट्याचं 'स्ट्रिक्ट' होतं ते इथे. मग सुट्टीत दोघं भाऊ राउटरच्या पानावर पाळीपाळीने एकमेकांचा आकडा खोडत बसतात.

यावरचा तोडगाही त्याच सुमाराचा आहे. १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने यूपीएनपी फोरम स्थापन झाला, आणि २००१मध्ये त्याने राउटरशी बोलण्याचे नियम ठरवले. यूपीएनपी चालू असलं की कन्सोल स्वतः राउटरला विचारतो: मला आत येणारी वाट हवी, कुठला क्रमांक मोकळा आहे? ३०७४ थोरल्याने घेतलेला असला, तरी धाकट्याला बाहेरच्या बाजूने दुसरा क्रमांक मिळू शकतो. दोन कन्सोलच्या घरात म्हणून यूपीएनपी चालू ठेवावं आणि ३०७४ची जुनी हाताने घातलेली ओळ काढावी, कारण ती ओळ तो क्रमांक अडवून बसते. मग राउटर आणि दोन्ही कन्सोल एकामागून एक बंद करून चालू करावेत. तरीही अडलं, तर एका एक्सबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमधल्या प्रगत पर्यायांत जाऊन पर्यायी पोर्ट निवडावा. हाताने क्रमांक वाटायचेच असतील, तर आधी प्रत्येक कन्सोलला आतला पत्ता कायमचा नेमून द्यावा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ते बदलतात आणि वाट भलत्याच यंत्राकडे वळते.

यूपीएनपीचा दोषही सांगितला पाहिजे. ते कुणाला ओळख विचारत नाही. घरातलं कुठलंही यंत्र, त्यात शिरलेला घातकी प्रोग्रामसुद्धा, त्याच्याकडून वाट उघडून घेऊ शकतं. जानेवारी २०१३मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने दाखवलं की आठ कोटींहून अधिक पत्ते यूपीएनपीच्या हाकेला थेट बाहेरच्या जगातूनच ओ देत होते. त्यामुळे राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत असेल तरच हा पर्याय वापरावा. 'डीएमझेड'मध्ये, म्हणजे बाहेरून येणारं सगळं ज्याच्याकडे वळवलं जातं त्या जागी, कन्सोल ठेवायची युक्ती व्हिडिओवाले सांगतात, पण दोन कन्सोलच्या घरात तिचा उपयोग नाही, कारण तिथे एकच यंत्र ठेवता येतं.

इतकं करूनही कंग्राळीतल्या अनेक घरांत 'स्ट्रिक्ट' जाणार नाही. त्याचं कारण इतिहासात आपण कितव्या नंबरला उभे राहिलो यात आहे. भारतात इंटरनेट सर्वांना खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलमार्फत. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि टेलिफोनच्या तारेवरून वेगवान नेट घरी पोचलं. त्या काळात घराला, बदलता का होईना, स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळे. पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाचा मध्यवर्ती साठा संपला, आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचं वाटप पाहणारी एपनिक शेवटच्या गठ्ठ्यावर आली. त्या गठ्ठ्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचा नियम झाला, २०१९मध्ये तो आकडा ५१२वर आला. शहरांच्या कडेच्या गावांत केबल टीव्हीवाल्यांनी खांबाखांबावरून फायबर ओढलं ते बहुतेक यानंतर. पाच हजार घरं जोडणाऱ्याच्या हाती हजारभर पत्ते. त्याने काय करावं? त्याने आपल्या कचेरीत आणखी एक एनएटी बसवली. एप्रिल २०१२मध्ये अशा मधल्या टप्प्यासाठी १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते मुद्दाम राखून ठेवले गेले. एमआयटीला एकटीला सुमारे एक कोटी अडुसष्ट लाख मिळाले, आणि आपल्याकडे आता एका पत्त्यामागे गल्ली बसते.

म्हणून राउटरच्या पानावर सर्वांत आधी 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शब्दासमोरचा पत्ता पाहावा. तो या शंभरच्या पट्ट्यातला किंवा १०ने सुरू होणारा असेल, तर मधली एनएटी बहुधा कंपनीकडे आहे, आणि घरातली पोर्टची कुठलीही ओळ तिच्यापलीकडे पोचणार नाही. तिथे स्टॅटिक म्हणजे कायमचा सार्वजनिक पत्ता मागावा लागतो, बहुधा वेगळे पैसे मोजून. तो १९२.१६८ने सुरू होत असेल, तर दोष घरातच असण्याचा संभव मोठा. फायबरवाल्याची पेटी एनएटी करते आणि तिला जोडलेला आपण विकत आणलेला राउटर दुसऱ्यांदा करतो. अशा वेळी कंपनीची पेटी 'ब्रिज' करून, म्हणजे तिची एनएटी बंद करून घ्यावी, किंवा आपला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' करून फक्त वायफायपुरता ठेवावा. दोन एनएटींची एक झाली की बऱ्याच घरांचं दुखणं इथेच थांबतं.

खेळताना जाणवणाऱ्या विलंबाचा, म्हणजे लॅगचा, वंश निराळा. २०१०मध्ये जिम गेटिस यांनी घरच्याच जोडणीवर शोध घेतला, तेव्हा आढळलं की यंत्रांत साठवणीची जागा अवाच्या सवा ठेवली आहे, आणि मोठी फाइल वर जाऊ लागली की बाकीची पाकिटं तिच्यामागे रांगेत तिष्ठतात. या दोषाचं 'बफरब्लोट' हे नाव रूढ झालं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' हा उपाय मांडला. राउटरमध्ये याच जातीचा 'एसक्यूएम' हा पर्याय असेल, तर तिथे मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालावी. १०० एमबीपीएसमधले दहा सोडावे लागतात, पण बहिणीचा व्हिडिओ वर चढत असताना भावाचं पिंग उडत नाही.

लांब पत्त्यांची रचना आलीच नाही असं नाही. आयपीची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५मध्येच मांडली गेली. तिचा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे प्रत्येक कन्सोलला स्वतःचा पत्ता देऊन उरेल इतका साठा. २०१३च्या एक्सबॉक्स वनने तिला प्राधान्य दिलं. जिओने २०१६पासून आपलं जाळं तिच्यावर उभं केल्यामुळे भारत तिच्या वापरात जगात पुढच्या रांगेत आहे. ज्या देशाला जुने पत्ते कमी मिळाले, त्याला नव्याकडे जाण्याची घाई जास्त, हे साहजिक आहे. तरी घरगुती फायबर देणारे अनेक जण ही सोय अजून ग्राहकाच्या पेटीत चालू करून देत नाहीत, आणि ग्राहक ती मागत नाही. नवं कनेक्शन घेताना आपण किती एमबी मिळतील एवढंच विचारतो. घरात दोन कन्सोल असतील, तर आणखी दोन प्रश्न विचारावेत: सार्वजनिक पत्ता मिळेल का, आणि आयपीव्ही६ चालू आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर तिप्पट वेगाच्या प्लॅनवर पैसे घालू नयेत, दुसऱ्या कंपनीकडे चौकशी करावी.