देवमाशाचं तिकीट

क्रूझचं तिकीट काढलं की सगळं ठरलं, अशी आपली समजूत असते. राहणं, खाणं, फिरणं, सगळं एकाच पैशात. पण अलास्काच्या क्रूझवर जाऊन आलेल्यांना ठाऊक असतं की खरा हिशेब जहाज बंदराला लागल्यावर सुरू होतो. प्रत्येक बंदरातल्या सहलींचे पैसे वेगळे. जूनो बंदराच्या यादीत तर देवमासे दाखवणाऱ्या सहलीच डझनभर निघाल्या. मोठी बोट, छोटी बोट, देवमासे आणि हिमनदी, देवमासे आणि सामन माशाचं जेवण, देवमासा दिसला नाही तर पैसे परत! माझी मुलगी सिॲटलला असते. 2025 च्या उन्हाळ्यात तिनं आम्हा दोघांना या सफरीवर नेलं. यादी माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच ठरवा. आयुष्यभर इतिहास शिकवलात ना?" इतिहासवाल्याला काही विचारलं की तो पुढे जाण्याऐवजी मागे जातो. मीही तेच केलं.

पैसे देऊन देवमासा पाहायचा, हा उद्योग माझ्यापेक्षा वयानं लहान आहे. 1955 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथं चक चेंबरलिन नावाच्या एका मच्छीमारानं माणशी एक डॉलर घेऊन लोकांना करडे देवमासे दाखवायला सुरुवात केली. त्याआधीची कित्येक शतकं देवमासा पाहायला जाणारा माणूस तो मारायलाच जात असे. देवमाशाच्या चरबीचं तेल दिव्यात जळे, यंत्रांना वंगण म्हणून लागे. त्या तेलाची अलास्कातली एक कथा आहे. जूनोच्या यादीतल्या रंगीत चित्रांखाली ती कुठंही छापलेली नसते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

जूनोहून देवमासे पाहायला निघालेल्या बोटींना समोर एक लांबलचक, गर्द झाडीचं बेट दिसतं. हे ॲडमिरल्टी बेट. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर अंगून नावाचं त्लिंगिट लोकांचं गाव आहे. त्लिंगिट म्हणजे या भागातले मूळ रहिवासी. अमेरिकेनं 1867 मध्ये रशियाकडून अलास्का विकत घेतला, पण तिथं मुलकी सरकार असं काही नव्हतंच. 1882 मध्ये सिट्का इथं बसलेला नौदलाचा अधिकारी सगळा कारभार पाही. अंगूनजवळ किलिस्नू इथं एका व्यापारी कंपनीनं देवमाशांच्या तेलाचा धंदा मांडला होता आणि त्लिंगिट माणसं तिच्या बोटींवर मजुरी करत.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात भाला फेकण्याची स्फोटक बंदूक फुटली आणि बोटीवरचा एक त्लिंगिट माणूस ठार झाला. तो साधा मजूर नव्हता. तो त्यांचा शामान होता, म्हणजे वैदू, पुजारी आणि वडीलधारा असं सगळंच. त्लिंगिट रिवाजानुसार अशा मृत्यूची भरपाई ठरलेली असे. गावानं 200 ब्लँकेटं मागितली. तिथं ब्लँकेट हे चलनासारखंच चाले. कंपनीनं उलट सिट्काला निरोप धाडला की त्लिंगिटांनी आमची माणसं आणि बोटी अडकवून ठेवल्या आहेत. हे तसं घडलंच नाही, असं अंगूनचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नौदलाचा कमांडर मेरिमन आला. भरपाई देणं दूरच, त्यानं गावालाच दंड केला : 400 ब्लँकेटं, तीही दुसऱ्या दिवसापर्यंत. ऐंशीच्या आसपास जमली. 26 ऑक्टोबर 1882 रोजी जहाजावरून गावावर तोफा डागल्या गेल्या. मग खलाशांनी उतरून घरं, होड्या आणि हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न जाळलं. धुरानं सहा मुलं दगावली. होड्यांपैकी एकच वाचली. त्या एका होडीवर मासेमारी करून गावानं तो हिवाळा काढला. बीव्हरची आकृती कोरलेला तिचा पुढचा भाग 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात अंगूनच्याच लोकांना सापडला आणि घरी परत आला.

1973 मध्ये 90 हजार डॉलर भरपाई मिळाली, पण माफी नव्हती. ती मागायला अमेरिकेच्या नौदलानं 26 ऑक्टोबर 2024 चा दिवस उजाडू दिला. बरोबर 142 वर्षं!

देवमाशांचं म्हणाल, तर 1907 मध्ये याच बेटाच्या दक्षिण टोकाला टाइई नावाच्या कंपनीनं वाफेची बोट आणि तोफ घेऊन कारखाना उभारला. पुढं आणखी कारखाने आले आणि गेले. उत्तर पॅसिफिकमधल्या हम्पबॅक, म्हणजे कुबड असलेल्या देवमाशांच्या शिकारीवर 1966 मध्ये बंदी आली, तेव्हा ते जेमतेम हजार-दीड हजार उरले असावेत, असा अंदाज आहे.

कायद्यानं शिकार थांबली, पण माणसाचं मन बदललं ते गाण्यानं. रॉजर पेन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं 1970 मध्ये हम्पबॅकच्या गाण्यांची तबकडी काढली. ती घरोघरी वाजली. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावरही हे सूर आहेत. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि परग्रहावरच्या कुणासाठी मराठीतून शुभेच्छाही आहेत. गोव्याच्या केरी गावातून आलेली गायिका आणि बर्म्युडाच्या समुद्रातला देवमासा एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघाले आहेत, हे मला फार आवडतं.

या बदलात जूनोचा वाटाही आहे. चार्ल्स जुराझ हे तिथले शाळामास्तर. सुट्टीत बायकोमुलांना बोटीवर घ्यायचं आणि देवमाशांच्या मागे फिरायचं, हा त्यांचा छंद. हम्पबॅक खोल बुडी मारताना शेपटीचा पंखा पाण्याबाहेर काढतो. त्याच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. हे ध्यानात घेऊन फोटोंवरून एकेका देवमाशाची ओळख पटवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत हे मास्तर होते. 1978 मध्ये जवळच्या ग्लेशियर बे या उपसागरातून बरेचसे देवमासे भर उन्हाळ्यात अचानक निघून गेले, हे त्यांच्याच नोंदींतून पुढं आलं. वाढत्या जहाजांकडे बोट दाखवलं गेलं, वाद झाला आणि 1980 च्या सुमारास तिथल्या जहाजांच्या संख्येवर बंधन आलं. आजही ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं जाऊ शकतात.

मास्तरांनी 1975 पासून ओळखलेल्या माद्यांपैकी एकीचं नाव स्नो. पंख्यावर बर्फ भुरभुरल्यासारखे ठिपके, म्हणून स्नो. जुलै 2001 मध्ये तिचं प्रेत ग्लेशियर बेच्या तोंडाशी तरंगताना सापडलं. लांबी 45 फूट, पोटात पिल्लू, कवटी फुटलेली. एका क्रूझ जहाजाची धडक बसली होती. कंपनीनं 2007 मध्ये गुन्हा कबूल केला आणि दंड व निधी मिळून साडेसात लाख डॉलर भरले. गुन्हा कोणता? देवमासे जवळ असताना जहाजाचा वेग कमी न करणं. स्नोचा सांगाडा 2014 पासून तिथल्या बार्टलेट कोव्हमध्ये मांडून ठेवला आहे.

आता आपण यादीकडे येऊ. हा सगळा इतिहास वाचल्यावर मला कळलं की पैसे देणाऱ्याच्या हातात एक गोष्ट नक्की असते : आपल्याला किती जवळ जायचं आहे, हे ठरवणं. 2001 पासून अलास्कात नियम आहे की बोटीनं हम्पबॅकच्या 100 यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत जायचं नाही. त्याच्या वाटेत आधीच जाऊन उभं राहायचं आणि तो जवळ निघेल अशी वाट पाहायची, ही युक्तीसुद्धा चालत नाही. एका देवमाशापाशी अर्ध्या तासाहून जास्त थांबू नये, असंही सांगितलेलं आहे. पण बोटीवरचे उतारू "अजून थोडं पुढे घ्या" म्हणू लागले की कप्तानाची पंचाईत होते. चांगल्या अभिप्रायावर त्याचं पोट असतं.

म्हणून मी 'दिसला नाही तर पैसे परत' या ओळीकडे पाहिलंच नाही. उन्हाळ्यात हवाईहून हजारो मैल पोहून आलेले हम्पबॅक हेरिंग मासे खाण्यासाठी इथंच मुक्कामाला असतात, त्यामुळे ते बहुधा दिसतातच. त्या हमीनं कंपनीचं फारसं काही जात नाही. मी विचारलं ते वेगळं. कंपनी 'व्हेल सेन्स'मध्ये आहे का? अलास्कात 2015 पासून ही ऐच्छिक योजना आहे. तिच्यातल्या कंपन्या नियमांपेक्षा जास्त बंधनं पाळायचं कबूल करतात, माणसांना प्रशिक्षण देतात आणि तपासणी करून घेतात. दुसरं, प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ? चार तासांच्या सहलीतला बराच वेळ बंदरापासून ऑक बेच्या धक्क्यापर्यंत बसनं जाण्यायेण्यातच जातो. तिसरं, बोटीवर निसर्गाची माहिती सांगणारा माणूस आहे की नुसतंच ध्वनिमुद्रण? आणि आमच्या वयाला सगळ्यात महत्त्वाचं, स्वच्छतागृह आहे का? सहा जणांच्या चिमुकल्या बोटी फार ऐटबाज दिसतात, पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

जहाजाच्या काउंटरवर घेतलेली सहल महाग पडते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून घेतली तर थांबत नाही. मुलगी बाहेरच्या बाजूनं, माझी पत्नी काउंटरच्या बाजूनं. पत्नीचं खरं ठरलं, हे सांगायला नकोच. हूना गावाच्या बंदरावरही हाच पर्याय होता. तिथलं आइसी स्ट्रेट पॉइंट 2004 पासून क्रूझसाठी खुलं आहे आणि त्याची मालकी त्लिंगिट लोकांच्याच संस्थेकडे आहे. 1882 ची गोष्ट वाचल्यावर मी तिथं जायला एका पायावर तयार होतो, पण आमचं जहाज हूनाला थांबणारं नव्हतं.

आमच्या बोटीवर चाळीसेक माणसं असतील. पाऊस भुरभुरत होता. एक मादी आणि तिचं पिल्लू दिसलं. आसपास इतर कंपन्यांच्या सहा-सात बोटी होत्याच. कप्तान तरुण पोरगी होती. इंजिन मंद करून ती लांबच थांबली. श्वासाचा आवाज मात्र आमच्यापर्यंत येत होता. पुस्तकात वाचून हे कळत नाही, एखादं मोठं म्हातारं जनावर सुस्कारा टाकतं तसा तो आवाज. वीस-पंचवीस मिनिटांनी तिनं बोट वळवली. मागून एक गृहस्थ म्हणाले, इतके पैसे भरलेत, अजून थोडं थांबा की. तिनं शांतपणे सांगितलं, की या पिल्लाभोवती सकाळपासून कुठली ना कुठली बोट आहे.

उत्तर पॅसिफिकमधले हम्पबॅक वाढत वाढत 2012 मध्ये 33 हजारांच्या पुढे गेले होते. मग 2014 ते 2016 या काळात समुद्र तापला, खाणं आटलं आणि 2021 पर्यंत आकडा 27 हजारांच्या खाली आला. शिकारीवर कायदा करता आला, बोटींवर करता येतो. तापलेल्या पाण्याचं काय करायचं, ते जूनोच्या धक्क्यावरच्या कुठल्याच काउंटरवर मला विचारता आलं नाही. परतताना उजाडलेल्या ढगांखाली ॲडमिरल्टी बेट पुन्हा दिसलं. अंगून कुठल्या बाजूला, असं मी त्या पोरीला विचारलं. तिनं दक्षिणेकडे हात केला आणि म्हणाली, "लांब आहे. मोठी जहाजं तिकडे जात नाहीत."