बालकांची हेळसांड व प्रतिबंध

बालकांची हेळसांड : बालकाच्या मूलभूत शारीरिक, भावनिक, वैद्यकीय वा शैक्षणिक गरजा भागविण्यात पालकाकडून अथवा ताबा असलेल्या व्यक्तीकडून होणारी कसूर.

इतिहास : ब्रिटनमध्ये 1889 साली बालकांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा झाला. मुंबई इलाख्यात 1924 साली बालक अधिनियम आला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारानुसार (1989) संगोपनाची सामायिक जबाबदारी आईवडील दोघांची असून त्यांना साहाय्य करणे शासनाचे कर्तव्य आहे. भारताने हा करार 1992 साली स्वीकारला (पहा : बालहक्क).

स्वरूप : पुरेसे अन्न, स्वच्छता, देखरेख, औषधोपचार वा शालेय शिक्षण न देणे आणि जिव्हाळ्यापासून वंचित ठेवणे हे तिचे प्रमुख प्रकार. दारिद्र्य, पालकांचे व्यसन, मानसिक आजार व कौटुंबिक हिंसा यांमुळे धोका वाढतो. केवळ दारिद्र्यातून आलेली उणीव हेळसांडीपासून वेगळी मानली जाते (पहा : कुपोषण).

कायदा : बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 नुसार बालकाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील अशी हेतुपुरस्सर हेळसांड दंडनीय आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांबाबत बालकल्याण समिती निर्णय घेते (पहा : दत्तक).

प्रतिबंध : अंगणवाडी, पाळणाघर, पालक-समुपदेशन व व्यसनमुक्ती उपचार हे मुख्य उपाय. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतून मुलांना कुटुंबातच वाढविण्यासाठी अर्थसाहाय्य मिळते. बालकांसाठीची 1098 ही दूरध्वनी सेवा 1996 साली मुंबईत सुरू झाली.

महत्त्व : हेळसांडीचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, भाषाविकासावर व भावनिक स्थैर्यावर होतो, म्हणून कुटुंबाला वेळीच आधार देणे हा प्रतिबंधाचा पाया होय.