सांभाळणाऱ्याचा पगार

7 डिसेंबर जवळ आला की तहसील कचेरीतून ध्वजदिनाची तिकिटं निघतात आणि ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक यांच्या हातांतून कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या मोठ्या गावांपर्यंत पोचतात. 28 ऑगस्ट 1949 रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने हा दिवस पाळायचं ठरवलं, तेव्हापासून हा क्रम चालू आहे. जिल्ह्याला उद्दिष्ट मिळतं, ते पुरं झालं की सत्कार होतात. निधीतून माजी सैनिकांच्या मुलांचं शिक्षण, मुलींची लग्नं, औषधपाणी यांना हातभार लागतो, अपंग सैनिकांच्या संस्थांना अनुदान मिळतं. हे मोलाचं काम आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सैनिकाला रोज उठवणारं, धुणारं, भरवणारं जे माणूस असतं, त्याच्या पगाराचा प्रश्न या व्यवहारात कधी मुख्य ठरला नाही. याला मी आजच्या एखाद्या खात्याची हयगय मानत नाही. सैनिकाला काहीतरी द्यायचं आणि त्याला सांभाळणाऱ्याचा खर्च घरावर सोडायचा, ही आपल्याकडची दोनशे वर्षांची रीत आहे आणि तिची किंमत आता फार वाढली आहे.

ही रीत कंपनी सरकारच्या काळातली. फ्रान्सच्या राजाने 1670 मध्ये पॅरिसला आणि इंग्लंडच्या राजाने 1682 मध्ये चेल्सीला जायबंदी व म्हाताऱ्या शिपायांसाठी भव्य घरं बांधायला घेतली. तिथे इमारतीबरोबर आचारी, परिचारिका, वैद्य असा पगारी ताफाही आला. हिंदुस्थानात मात्र कंपनीने दुसरी वाट धरली. बंगाल फौजेच्या निकामी शिपायांना अठराव्या शतकाच्या अखेरीस भागलपूरच्या बाजूला जमिनी देऊन वसवण्यात आलं. मुंबई फौजेच्या वयस्क शिपायांची पलटण कोकणात दापोलीला असे. पुढे निवृत्त शिपाई त्याच परिसरात घरं करून राहू लागले. गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये निवृत्त होऊन दापोलीला आले, सुभेदार रामजी सकपाळही काही काळ तिथेच राहिले. शिक्षण आणि हक्कांची जी जाग त्या पेन्शनरांच्या वस्तीने आणली, तिच्याबद्दल महाराष्ट्राने कृतज्ञ असायला हवं. पण सरकारच्या बाजूने पाहिलं तर व्यवहार एवढाच होता: पेन्शन घ्या, आजारपण तुमचं तुम्ही बघा. नोकरीत असतानाही फार वेगळं नव्हतं. 1918 पर्यंत हिंदी शिपायांची इस्पितळं पलटणीपुरती असत. आजारी शिपायाने आपलं अंथरूण आणि आपलं जेवण यांची सोय स्वतः करायची आणि शुश्रूषा पलटणीतल्याच कोणीतरी करायची. जातीपातीचे खाण्यापिण्याचे नियम हे त्याचं कारण सांगितलं जाई. माझ्या मते ते कारण सोयीचं होतं. खरी सोय खजिन्याची होती.

पिशोरचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी असत. 1903 मध्ये ही फौज हिंदी सैन्यात मिसळली. पहिल्या महायुद्धात निजामाचे घोडेस्वार इजिप्त-पॅलेस्टाइनपर्यंत गेले. त्याच युद्धाने अपंग सैनिकांचा प्रश्न प्रथम ऐरणीवर आणला. 1917 मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघालं आणि पुढे ते खडकीला आलं. हेतू चांगला होता: हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला धंदा शिकवायचा म्हणजे तो घरी जाऊन पोट भरेल. म्हणजे शेवटी परत घरच. ज्याला घरी पाठवताच येत नाही, अशा माणसाचा विचार खऱ्या अर्थाने झाला तो 1971 च्या युद्धानंतर. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी 1974 मध्ये खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं, आणि इथे जुना हिशोब मोडतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात आणि त्या जखमा जिवावर बेततात. लघवीची नळी, पोट साफ करणं, खुर्चीत उचलून बसवणं ही कामं रविवारी थांबत नाहीत. आठवड्याचे तास 168. एक माणूस 48 तास काम करतो. म्हणजे एका जागेवर अहोरात्र कोणी हवं असेल तर साडेतीन माणसं लागतात. त्यात रजा आणि आजारपणं धरली तर चार. इमारत एकदाच बांधावी लागते, ही चार माणसं दर महिन्याला लागतात.

आता सरकारी आकडे पाहा. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि सतत माणसाची गरज असलेल्या सैनिकाला परिचारकासाठी भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो 4,500 वरून महिना 6,750 रुपये झाला, आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की त्यात 25 टक्के भर पडते. 6,750 ला तीस दिवसांनी भागलं तर दिवसाचे 225 रुपये येतात. भर घातली तरी 300 च्या आतच. एवढ्यात एका पाळीचं माणूस उभं राहणं कठीण, चोवीस तासांचं तर सोडाच. या रकमेचा अर्थ सरळ आहे. उरलेलं काम बायको किंवा सून फुकट करील असं तिच्यात गृहीत धरलेलं आहे. 2003 मध्ये माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, सुरू झाली हे मोठंच पाऊल होतं. पण तिच्या पॉलिक्लिनिकांतला बराचसा कर्मचारीवर्ग करारावर असतो. गेल्या काही वर्षांतल्या भरतीच्या जाहिरातींत डॉक्टरला महिना 75,000, नर्सिंग असिस्टंटला 28,100 आणि महिला परिचराला 16,800 असे आकडे दिसत होते, आणि करार पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचा. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो चांगली संधी मिळताच जाणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हाताऱ्या रुग्णाच्या बाबतीत माणूस बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकणं: कोणत्या कुशीवर दुखतं, रात्री कशाने दचकतो, कोणती गोळी नाकारतो. हे कागदावर उतरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आपल्याकडे आईबाप घरीच सांभाळले जातात, पगारी परिचारकाची गरजच काय. भावना खरी आहे, पण पिशोरच्या परिसरातून तरुण वाळूजच्या कारखान्यांत, पुण्यात जातात आणि मागे राहिलेली सून कापूस, मका, आल्याच्या शेतात असते. तिला दर दोन तासांनी घरी येता येणार नाही. पगारी परिचारक घरी येऊन गेला तर कुटुंब मोडत नाही, ते टिकतं. दुसरा आक्षेप देणगीदारांचा: आम्ही जवानांसाठी पैसे दिले, पगारासाठी नाही. हा भेद माझ्या दृष्टीने फसवा आहे. अंथरुणावरच्या जवानापर्यंत पोचणारी मदत बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातांनीच पोचते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सैनिकाला निदान पेन्शन आहे. त्याच गावातला ऊसतोडणीवाला किंवा कोरडवाहू शेतकरी म्हातारपणी कोणाच्या आधारावर जगतो? याला पुरतं उत्तर नाही, आणि ते आहे असं मी भासवणार नाही. एवढंच म्हणेन की सैनिकाच्या बाबतीत सरकार स्वतः मालक होतं आणि इजा नोकरीत झाली. मालकाने आधी आपली जबाबदारी पुरी करावी. परिचारकाच्या कामाचा योग्य दर सरकारने एकदा मान्य केला, की तो इतर म्हाताऱ्यांच्या सेवेलाही मागता येईल. आज मागायला दरच नाही.

हे स्वप्नरंजन नाही, याचा एक दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या राज्यांच्या सैनिकगृहांना केंद्र सरकार दर रहिवाशामागे दिवसाचं अनुदान देत आलं आहे. तरीही परिचारिका मिळेनात. तेव्हा 2004 मध्ये कायदा करून परिचारिका नेमणं आणि टिकवणं यासाठी वेगळी मदत ठेवली गेली. शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा निम्म्यापर्यंत खर्च केंद्राने द्यायचा, राज्याने उरलेला, आणि वर्षाची मर्यादा दैनिक अनुदानाच्या 2 टक्के. रक्कम लहानच, पण अंदाजपत्रकात तिला स्वतःचं नाव मिळालं. आपल्याकडे त्याहून सोपं करता येण्याजोगं आहे. कन्नड तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या ज्या मुली नर्सिंगचा अभ्यासक्रम करू इच्छितात त्यांची फी ध्वजनिधीतून भरावी, बदल्यात काही वर्षं जिल्ह्यातच सेवेचं बंधन घालावं आणि करार वर्षाचा न ठेवता पाच वर्षांचा करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय शिक्षणाची मदत आजही वाटतं. त्यात या एका अभ्यासक्रमासाठी वेगळं शीर्ष उघडणं हे राज्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या एका शासन निर्णयाचं काम आहे.