बक्षिसाच्या फुलांची चित्रकार

मी जलरंगात फुलं रंगवते. म्हणून ऑर्किड प्रदर्शनांचा इतिहास वाचताना बक्षिसं पटकावणाऱ्या धनिकांपेक्षा मला नेली रॉबर्ट्स जवळच्या वाटतात.

लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८८९ साली ऑर्किडसाठी स्वतंत्र समिती नेमली. हौशी मंडळी आपापल्या काचघरातली फुललेली रोपं घेऊन यायची. समिती ती निरखायची आणि पसंतीला उतरलेल्या रोपाला ‘फर्स्ट क्लास सर्टिफिकेट’ किंवा त्याखालोखालचा ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’ द्यायची. हा मान सहसा एका रोपाचा असतो, सगळ्या जातीचा नव्हे. एकाच शेंगेतल्या बियांपासून वाढलेल्या संकरित भावंडांतही एखाद्याचीच पाकळी रुंद आणि भरदार निघते. मग नवं फूल समोर आलं की सवाल यायचा: पूर्वी गौरवलेल्या फुलाहून हे सरस आहे का? ते फूल तर केव्हाच गळून गेलेलं! रंगीत छायाचित्रांची सोय तेव्हा नव्हती. म्हणून १८९७ पासून विजेत्या फुलांची चित्रं काढून घ्यायचं ठरलं आणि ते काम ब्रिक्स्टनमध्ये राहणाऱ्या नेलीबाईंकडे आलं. १९५३ पर्यंत, तब्बल ५६ वर्षं, त्यांनी ते केलं.

त्याच १८९७ साली संस्थेचे अध्यक्ष सर ट्रेव्हर लॉरेन्स यांनी मांडलेल्या ‘व्हॅन्डा मिस जोकिम’ला फर्स्ट क्लास सर्टिफिकेट मिळालं. सिंगापूरच्या ॲग्नेस जोकिम यांच्या बागेतलं हे ऑर्किड आज त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे.

विजेती फुलं रंगवण्याचं नेलीबाईंचं काम किती कठीण, ते ब्रश हातात धरणाऱ्याला कळेल. आपल्या सह्याद्रीत उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण कांडीवर फुलणारं पांढरं डेंड्रोबियम बार्बॅट्युलम घ्या. पांढरा रंग वापरायचा नाही, कागदच कोरा राखायचा. पाकळीचं वळण करड्या-हिरव्या रंगाच्या अगदी पातळ हाताने दाखवायचं. तो हात जरा जड झाला की फूल मळकट दिसतं. पुन्हा बक्षिसाच्या चित्रात सुशोभनाला वाव नाही. फूल होतं तेवढंच सुंदर दिसलं पाहिजे, कारण उद्याचा निवाडा त्यावर व्हायचा असतो. असा संयम हजारो चित्रांत टिकवणं ही माझ्या लेखी मोठी कला आहे. निवृत्तीच्या वर्षी संस्थेने नेलीबाईंना व्हीच स्मृतिपदक दिलं. मला तो मान उशिराच आला असं वाटतं.

पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, काचघरं थंड पडली आणि ऑर्किडचे कित्येक संग्रह मोडले. त्यातली अनेक रोपं आज फक्त संस्थेच्या या चित्रांत उरली आहेत. लंडनच्या लिंडली ग्रंथालयातला हा चित्रसंग्रह आता सात हजारांच्या पुढे गेला आहे. अमेरिकन ऑर्किड सोसायटी शंभरपैकी गुण देते, मोजमापं आणि छायाचित्रं जपते. तीही पद्धत चांगलीच. पण ऑर्किडच्या ओठासारख्या पाकळीची खोली चित्रातच नीट उमगते, असं माझं मत आहे.

तुमच्या कुंडीतल्या ऑर्किडला स्थानिक प्रदर्शनात बक्षीस मिळालं, तर प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी एक करा. रोपाचं नाव, ठाऊक असतील तर त्याचे आईबाप, तारीख आणि फुलाची रुंदी वहीत टिपा आणि शेजारी, जमेल तसं, त्याचं चित्र काढा.