परदेशी शिक्षणाची फी : कोणी भरली, काय मागितले

खडकीची ओळख सांगताना आपण १८१७ च्या लढाईपासून सुरुवात करतो, मग छावणीकडे वळतो, मग १८६९ च्या दारूगोळा कारखान्याकडे. लक्ष्मणराव किर्लोस्कर रस्त्यावरचा इंजिनांचा कारखाना या यादीत पुष्कळ नंतर येतो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. शेतकऱ्याच्या विहिरीवर बसलेले डिझेल इंजिन ज्या मराठी माणसांनी पाहिले आहे, त्यांना खडकीचे नाव लढाईपेक्षा त्या इंजिनामुळे अधिक ओळखीचे असण्याचा संभव आहे. या कारखान्यामागे शंतनुराव किर्लोस्कर होते. शंतनुरावांच्या मागे मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची, म्हणजे एमआयटीची, १९२६ सालची यंत्र अभियांत्रिकीची पदवी होती, आणि त्या पदवीमागे चार वर्षांची फी होती.

आपली चरित्रे या फीपाशी थांबत नाहीत. ‘उच्च शिक्षणासाठी ते परदेशी गेले’ या वाक्यात बोटीचे भाडे, फी, खाणावळ, गरम कपडे आणि हुंडणावळ असे सगळे गडप होते. खरे तर विचारण्यासारखा प्रश्न तिथेच आहे. फी कोणी भरली, आणि भरणाऱ्याने बदल्यात काय मागितले? कारण परदेशी शिक्षणाची फी ही आपल्याकडे क्वचितच नुसती किंमत राहिली. जो ती भरतो तो त्या विद्यार्थ्याच्या पुढच्या वर्षांवर हक्क सांगतो, असे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशेब मांडताना दिसते.

शंतनुरावांच्या बाबतीत हा हक्क कागदावर लिहावा लागला नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० साली लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून त्या घरात कारखाना आणि चूल यांच्यात फारसे अंतर नव्हते. मुलगा १९२२ साली अमेरिकेला गेला तो परत येऊन कारखान्यात उभा राहणार, हे गृहीतच होते. १९२६ साली तो परतला आणि किर्लोस्करवाडीत रुजू झाला. त्या सुमारास रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स होता, म्हणजे डॉलरला साधारण पावणेतीन रुपये. नांगर आणि चरक विकून मिळालेल्या रुपयांतून हे डॉलर उभे करायचे होते. एमआयटीत जाणारे शंतनुराव पहिले मराठी विद्यार्थी मात्र नव्हेत. त्यांच्या चाळीस वर्षे आधी, १८८२ साली, पुण्याचे केशव मल्हार भट तिथे दाखल झाले होते. ‘केसरी’ निघून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

ज्यांच्या घरी कारखाना नव्हता त्यांचे काय? आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण आपल्याला पाठ आहे, पण पैशाच्या बाजूने ते कमी वाचले जाते. १८८३ साली श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले, त्यानंतर वर्गणी जमू लागली. अंगावरचे दागिने विकले गेले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबाने घर दिले. म्हणजे एका पदवीचे चार-पाच धनी झाले, आणि प्रत्येकाला काही ना काही हवे होते. कोणाला हिंदू स्त्रीची उन्नती दाखवायची होती, कोणाला धर्म न सोडता परतलेली ब्राह्मण स्त्री पाहायची होती. पदवी १८८६ च्या मार्चमध्ये मिळाली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जागा देऊ केली. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात त्या वारल्या.

सरकारी पैशाची गोष्ट याहून सरळ होती. हिंदुस्थान सरकारची विलायतेची शिष्यवृत्ती वर्षाला २०० पौंडांची. ती घेऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. मुंबईत, पुण्यात त्याचा केवढा गाजावाजा झाला हे सर्वश्रुत आहे. केंब्रिजमध्ये ‘फी’ नावाची एकच रक्कम नव्हती. कॉलेजची वेगळी, विद्यापीठाची वेगळी, परीक्षेची वेगळी. लंडनला बॅरिस्टर होणाऱ्यांची तर आणखीच तऱ्हा: प्रवेशाचे शुल्क, सनदेचे शुल्क, आणि मध्ये ठरावीक संख्येने जेवणे जेवायची. जेवण घेतल्याशिवाय टर्म भरत नसे. आमच्या पंक्तिप्रपंचात वाढलेल्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नव्हते.

परांजप्यांच्या शिष्यवृत्तीचा आकडा पौंडांत होता हे त्यांचे भाग्य. घरून रुपये पाठवणाऱ्या बापाची स्थिती वेगळी होती. जगात चांदी घसरली तसा चांदीचा रुपया घसरला. १८७१ च्या सुमारास पौंडाला दहा रुपये पडत. १८९४-९५ मध्ये अठरावर पडू लागले. २०० पौंडांसाठी आधी दोन हजार रुपये पुरत, ते साडेतीन हजारांच्या वर गेले. तिकडे फी वाढली नव्हती. मुलाने उधळपट्टीही केली नव्हती. फी परक्या नाण्यात असते, यातच निम्मी गोष्ट आली.

परतल्यावर परांजपे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याने वीस वर्षे पंचाहत्तर रुपयांवर काम करायचे, असा सोसायटीचा शिरस्ता. म्हणजे पैसे सरकारचे आणि वर्षे मात्र फर्ग्युसनला. हा सौदा पुण्याच्या फायद्याचा झाला असे मी म्हणेन.

याच काळात जमशेटजी टाटांनी वेगळी युक्ती काढली. १८९२ साली त्यांनी जो निधी स्थापला तो दानाचा नव्हता, कर्जाचा होता. विद्यार्थ्याने शिकून यावे, कमवावे, आणि परत केलेल्या पैशातून पुढच्याने जावे. प्रथम पारशांपुरता असलेला हा निधी पुढे सर्वांना खुला झाला. याच्या अगदी उलट टोकाला पॅरिसचे सरदारसिंह राणा आणि लंडनचे श्यामजी कृष्णवर्मा. त्यांच्या शिष्यवृत्त्यांना राणा प्रताप, शिवाजी, अकबर अशी नावे होती आणि अट एकच: इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन १९०६ साली विनायक दामोदर सावरकर ग्रेज इनमध्ये गेले. फी भरली, जेवणे झाली, परीक्षा झाल्या, आणि १९०९ मध्ये सनद नाकारली गेली. दात्याची अट त्यांनी पाळली ती पाळली; पण फी घेणाऱ्यालाही आपल्या अटी असतात, त्या छापलेल्या नसतात, एवढे त्यातून कळते.

त्याच ग्रेज इनमध्ये पुढे भीमराव रामजी आंबेडकर गेले. या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण त्यांचेच. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तेव्हाच्या पंधरा रुपये दराने हे महिन्याला पावणेदोनशेच्या आत येतात. करारनामा झाला: परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. कोलंबिया विद्यापीठात या पैशांतून ते शिकले, घरी पाठवले, शिवाय सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, तोच मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुस्तके ज्या बोटीतून येत होती ती पाणबुड्यांच्या युद्धात बुडाली. करारानुसार ते बडोद्यास गेले. तिथे राहायला घर मिळेना, कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. दहा वर्षांची सेवा काही दिवसांत संपली. संस्थानाने फी भरली होती, करार करून घेतला होता. आपल्या शहरात त्या माणसाला एक खोली मिळेल एवढी तजवीज मात्र त्याच्याने झाली नाही. करारभंग कोणी केला म्हणायचे?

मग सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, काटकसर, आणि १९२० च्या जुलैत पुन्हा लंडन. या वेळी धनी तीन: स्वतःची बचत, मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत. आंबेडकर निघाले त्याच वर्षाच्या आरंभी रुपया दोन शिलिंगांच्या वर चढला होता. पुढच्या वर्षी तो सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. घरी मोजून ठेवलेले पैसे लंडनमध्ये जवळजवळ निम्मे झाले. १९२१ च्या सप्टेंबरात त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले, आणि कारण दिले ते हुंडणावळीचे. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी पुढे जो प्रबंध लिहिला तो १९२३ साली ग्रंथरूपाने आला. हा विषय केवळ ग्रंथालयात सुचला असेल असे मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या डॉक्टरेटची अडचण तर छपाईची होती. प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय कोलंबिया पदवी देत नसे. तो १९२५ साली छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. फीच्या पावतीत न दिसणारे असे खर्च प्रत्येक देशात असतात. जर्मनीत त्या काळी विद्यार्थी व्याख्यानागणिक पैसे भरत. १९२८ साली बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे यांनी त्यासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले होते. सासरे महर्षी कर्वे यांना हे जाणे पसंत नव्हते, पती दिनकर कर्वे पाठीशी होते. स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या घरातही सुनेच्या परदेशी फीला बाहेरचा धनी शोधावा लागला.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली. धनी म्हणून रिझर्व्ह बँक आली. ती पैसे देत नव्हती, पण तुमचेच पैसे बाहेर नेऊ द्यायचे की नाही हे ठरवत होती. प्रवेशपत्र दाखवावे, परकीय चलनाचा परवाना घ्यावा, फी थेट विद्यापीठाला जावी. साठ-सत्तरच्या दशकांत गेलेल्यांच्या आठवणींत खिशातले आठ डॉलर हमखास येतात. १९६६ च्या ६ जूनला डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसातवर गेला, तेव्हा परवाने हातात असलेल्या घरांत काय झाले असेल याची कल्पना करावी. या पिढीला तारले ते अमेरिकन विद्यापीठांनी. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आठवड्याला वीस तास शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेचे काम करायचे, बदल्यात फी माफ आणि वर थोडा पगार. यात परत येण्याचा करार नव्हता. म्हणून पुष्कळ जण आले नाहीत.

इंग्लंडने त्याच सुमारास उलटी दिशा धरली. १९६७ पर्यंत पुण्याचा विद्यार्थी आणि लीड्सचा विद्यार्थी यांची फी सारखी असे. त्या वर्षी परदेशी विद्यार्थ्याला २५० पौंड आणि देशी विद्यार्थ्याला ७० अशी फारकत झाली. १९८० मध्ये थॅचर सरकारने परदेश्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करायला सुरुवात केली. आजच्या फीचा उगम मी या दोन तारखांत पाहतो. पूर्वी विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला शिकवून त्यावर पदरचे घालत असे. आता त्याच्या फीतून ते स्वतःची तूट भरते. अमेरिकेतली सरकारी विद्यापीठेही राज्याबाहेरच्याला चढा दर लावतात. खासगी विद्यापीठांत दर सर्वांना एकच, पण तो दर पाहा: एमआयटीची २०२४-२५ ची फी ६१,९९० डॉलर होती. चौऱ्याऐंशीच्या दराने बावन्न लाख, राहणे-जेवणे वेगळे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे फी घेत नाहीत, पण वर्षाच्या खर्चाचे अकरा हजारांवर युरो खात्यात अडकवून दाखवल्याशिवाय व्हिसा देत नाहीत.

संस्थानांचा वारसा काही अंशी सरकारकडे आला आहे. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. महाराष्ट्राची, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची, शाहू महाराजांच्या नावाची, २००३ पासूनची. तिच्या जागा वर्षाला पंचाहत्तर. अल्पसंख्याकांच्या कर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. उरलेल्या सर्वांचा धनी बँक.

आणि बँकेपाशी खडकीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बँकांच्या नमुना योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यावर मात्र स्थावर तारण द्यावे लागते. परदेशची फी साडेसात लाखांत कुठे बसते? आता छावणी हद्दीतली जुनी घरे बहुधा ‘ओल्ड ग्रँट’ची. जमीन सरकारची, भोगवटा तुमचा. तीन पिढ्या त्याच घरात राहिल्या, करपावत्या नावावर आहेत, तरी गहाण ठेवायला संरक्षण खात्याकडे पाहावे लागते, आणि बँकेचा वकील असा कागद पाहून फाइल मिटतो. शेजारी बोपोडीत किंवा औंधात वन बीएचके घेतलेल्याला कर्ज मिळते; बाजारात कौलारू वडिलोपार्जित घर असलेल्याला मिळत नाही. मग मामाचा फ्लॅट, सासऱ्यांची शेती, किंवा तारण न मागणारी पण चढे व्याज घेणारी खासगी वित्तसंस्था. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या बापाचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे पहिल्या सत्रातच जातात.

कर्ज मंजूर होते ते रुपयांत, एका दिवशी. फी जाते डॉलरमध्ये, चार वेळा, दोन वर्षांत. कर्जातून पाठवलेल्या फीवर उगमापाशी कापला जाणारा कर २०२५ च्या एप्रिलपासून माफ झाला, तेवढा दिलासा. पण मंजुरीच्या दिवशीचा दर तिसऱ्या सत्रापर्यंत टिकत नाही, आणि मधला फरक घरून घालावा लागतो. तो घालता आला नाही तर वाढीव कर्जासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारणाचे मूल्यांकन, आणि तिकडे फी भरायच्या शेवटच्या तारखेनंतर विलंब शुल्क.